एका दुचाकीची सिद्धता

भुसावळ म्हटलें कीं बाहेरच्या माणसाला लांबच लांब फलाट, केळीं, वैशाखांतला उन्हाळा आणि अपरात्रीं गाडी बदलण्याची यातायात एवढेंच आठवतें. येथें मुद्दाम उतरून गांव पाहावें असें म्हणणारा प्रवासी विरळाच. आम्हां भुसावळकरांना त्याचें वैषम्य वाटत नाहीं. हें गांव पाहण्याचें नव्हे. तयार होऊन पुढें निघण्याचें आहे. १८६५ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग थळ घाट चढून वर आला, आणि पुढील चार-पांच वर्षांत तापीकांठच्या ह्या लहानशा वस्तीपाशीं त्याला दोन फांटे फुटले. एक १८६७ सालीं नागपुरास पोंचला. दुसरा खांडव्यावरून जबलपुराकडे गेला, आणि १८७० सालीं त्या वाटेनें मुंबई व कलकत्ता हीं दोन शहरें लोखंडानें जोडलीं गेलीं. तेव्हांपासून भुसावळचा धंदा एकच : दुसऱ्याच्या प्रवासाचें यंत्र तपासून, पुसून, तेल-पाणी करून वाटेला लावणें. वाफेचीं इंजिनें गेलीं, विजेचीं आलीं. धंदा तोच राहिला.

ह्या धंद्याचें एक सूत्र आहे. गाडी किती वेगानें धांवेल ह्याची चौकशी मागाहून होते; ती थांबेल कीं नाहीं, ह्याची आधीं होते. ब्रेकांची तपासणी झाल्याचा दाखला इंजिनचालकाच्या आणि गार्डाच्या (आतां त्यांस ट्रेन मॅनेजर म्हणतात) हातीं असल्यावांचून गाडी वाटेस लागत नाहीं. आगगाडीनें रोज प्रवास करणाऱ्या शेंकडों लोकांना ह्या कागदाची वार्ताही नसते; पण त्यांची झोंप त्या कागदावर अवलंबून असते. यंदा हेंच सूत्र आमच्या घरांतल्या एका जुन्या दुचाकीस लावून पाहण्याचा योग आला. ज्यांच्या घरांत हिंडण्याच्या वयाचीं मुलें आहेत अशा वाचकांस तो वृत्तान्त उपयोगीं पडेल, म्हणून सांगतों.

आमच्या वडील बंधूंचे धाकटे चिरंजीव जळगांवीं नोकरीस असून घरून जाऊन-येऊन करतात. वय एकतीस. लहानपणीं आमच्याजवळ बसून त्यानें मेघदूत म्हटलें होतें. तें त्याच्या मनांत राहिलें. रामगिरीपासून अलकेपर्यंत मेघाला जी वाट सांगितली आहे, ती आपल्या वाहनानें, जमिनीवरून, जितकी जातां येईल तितकी जावी, असें त्यानें घेतलें. रामगिरि म्हणजे नागपुराजवळचें रामटेक, हें मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं साधार मांडलें आहे. तेथून आम्रकूट, ज्याला बहुतेक लोक अमरकंटक समजतात, मग रेवा म्हणजे नर्मदा, वेत्रवतीकांठची विदिशा, वाट वांकडी करून उज्जयिनी, दशपुर म्हणजे मंदसौर, पुढें कुरुक्षेत्र, हरिद्वाराजवळचें कनखल आणि शेवटीं हिमालय. कैलासापर्यंतची वाट मेघाला मोकळी असली तरी आमच्या दुचाकीला नाहीं; म्हणून बदरीनाथापलीकडचें माणा हें गांव शेवटचा मुक्काम ठरविलें. येऊन-जाऊन सुमारें पांच हजार किलोमीटर. मेघ आषाढांत निघाला. परंतु आषाढांत गढवालच्या दरडी सुटतात. तेव्हां माणसानें पावसाळा संपवून, विजयादशमी उलटल्यावर निघावें, असें ठरलें.

ठरलें हें त्याचें त्यानें. आमचें घर अठरा माणसांचें आहे, आणि अशा घरांत एकट्याचें ठरणें म्हणजे निम्मेंच ठरणें. बंधूंनीं मौन धरलें. मातोश्रींनीं देवास नारळ बोलला. वहिनींनीं मात्र एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्हांस स्पष्ट सांगितलें : “भावोजी, गाडी पळते हें मला दिसतें आहे. ती थांबते कीं नाहीं, आणि तिच्यावर बसणारा थांबतो कीं नाहीं, एवढें मला कोणी तरी सांगा. तें कळल्याशिवाय मी होकार देणार नाहीं.”

ही शंका भित्रेपणाची म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका सालीं देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें दगावलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. वहिनींनीं हा अहवाल वाचलेला नव्हता. पण महामार्गाच्या कांठीं जिचा जन्म गेला त्या आईला आंकडे लागत नाहींत. शेवटीं त्यांनींच तोड काढली. आमच्या शेजारीं रेल्वेंतून निवृत्त झालेले एक परीक्षक राहतात. डब्यांचीं चाकें हातोडीनें वाजवून त्यांच्या आवाजावरून दोष ओळखण्यांत त्यांची हयात गेली. ते “ठीक आहे” म्हणतील त्या दिवशीं मी ओवाळीन, असें वहिनी म्हणाल्या. पुतण्यानें तें मान्य केलें. तो श्रावण महिना होता.

गाडी आधींच घरीं आली होती. डांबरी सडक आणि कच्ची वाट ह्या दोहोंवर सारखी चालावी म्हणून केलेल्या दुचाकींना ड्युअल-स्पोर्ट असें नांव आहे. आपल्याकडे त्या जातीची सर्वत्र माहीत असलेली गाडी म्हणजे २०१६ सालीं निघालेली रॉयल एन्फील्ड हिमालयन. ४११ सी. सी. चा एकच सिलिंडर, पुढचें चाक २१ इंची व मागचें १७ इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, टांकी १५ लिटरांची. २०२३ च्या अखेरीस तिच्या जागीं पाण्यानें थंड होणारी ४५० ची नवी हिमालयन आली. आमच्या घरीं आली ती २०२० सालची, जुन्या बांधणीची, नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी किंमतींत.

जुनी कां घेतली, असें आम्हीं विचारलें. त्याचें उत्तर विचार करण्यासारखें होतें. नव्या गाडीच्या खोडी अजून कळावयाच्या असतात. जुनीच्या साऱ्या जगाला ठाऊक झालेल्या असतात. तिचें काम केलेला मिस्त्री तालुक्याच्या गांवींही भेटतो. शिवाय आऱ्यांचीं चाकें वांकलीं तर सरळ करतां येतात, आणि आंत नळी असल्यामुळें सायकलचें पंक्चर काढणाराही तिचें पंक्चर काढूं शकतो. साधेपणाचा हा लाभ जुन्या प्रवाशांनींही ओळखला होता. १९२३ सालीं मुंबईच्या कांहीं पारशी तरुणांनीं साध्या सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस प्रारंभ केला, आणि त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. जें यंत्र वाटेंत उघडून पुन्हा जोडतां येतें, तेंच दूरच्या वाटेला सोबत करतें.

जुनी गाडी घेणाऱ्यानें लोखंडाआधीं कागद पाहावे. इंजिनावरचा व सांगाड्यावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं अक्षरशः ताडून पाहावा. कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, मालकी बदलण्याचे फॉर्म २९ व ३०, आणि परराज्यांतली असेल तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला, हे कागद हातीं आल्यावांचून पुरी रक्कम देऊं नये. विमा आपल्या नांवावर करून घेण्यास चौदा दिवसांची मुदत असते. ती चुकली आणि वाटेंत अपघात झाला तर कोणाचे पैसे कोणी द्यावयाचे, ह्याचा वाद सुरू होतो. मागच्या मालकाचे थकलेले दंडही पाहून घ्यावे. आणि गाडी पाहावयास जावयाचें तें सकाळीं, न सांगतां, इंजिन थंड असतांना. गरम करून ठेवलेलें इंजिन आपली सर्दी लपवितें.

आतां मुख्य गोष्ट. गाडी आली ती नटून आली होती. दोन्ही बाजूंस लोखंडी पेट्या, पुढें दोन जादा दिवे, हँडलावर भ्रमणध्वनि ठेवण्याचें घर. पुतण्यानें त्यांत आणखी भर घालण्याचा बेत केला होता. परीक्षकसाहेब रविवारीं सकाळीं आले. त्यांनीं दिवे व पेट्या ह्यांकडे पाहिलेंही नाहीं. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावयास लाविली, मागें भार देऊन पुढचें चाक उचललें आणि हँडल एका बोटानें हळूहळू फिरविलें. तें मध्यावर येतांच खांचेंत अडकल्यासारखें थबकलें. मग पुढच्या चाकाचे दोन्ही दांडे धरून मागें-पुढें हलविले. आंत कट्ट असा बारीक आवाज झाला. “कोनसेट गेला आहे,” ते म्हणाले. हँडल ज्या दोन बेअरिंगांवर फिरतें त्यांस आपल्याकडचे मिस्त्री कोनसेट म्हणतात. खड्ड्यांचे आघात बसून बसून त्यांच्या वाट्यांत खांचा पडतात. हा दोष गाडीचा नव्हे, वापराचा. पण तसाच राहूं दिला तर गाडी सरळ रेषेंत राहत नाहीं, आणि घाटांतल्या वळणावर नेमकी तेथेंच अडखळते.

मग त्यांनीं पान्यानें चाकाचे आरे एक-एक करून वाजविले. आंवळलेला आरा टणटणीत वाजतो, ढिला आरा बद्द वाजतो. मागच्या चाकांत चार आरे बद्द निघाले. टायरांची नक्षी चांगली दिसत होती. पण टायराच्या अंगावर चार अंकी खूण असते, तिचे पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. आमच्या टायरांवर ३८२० होतें. म्हणजे २०२० सालचा अडतिसावा आठवडा. एवढीं वर्षें खानदेशच्या उन्हांत उभें राहून रबर टणक झालें होतें, आणि कडेस बारीक भेगा पडल्या होत्या. टणक रबर कोरड्या सडकेवर फसवीत नाहीं. ओल्या सडकेवर फसवितें.

ब्रेकांत पुढें ३०० व मागें २४० मिलिमीटरच्या चकत्या आहेत, आणि चाक जाम होऊं न देणारी योजनाही आहे. चकत्या ठीक होत्या. मात्र ब्रेकांतलें तेल काळें पडलें होतें. हें तेल हवेंतला ओलावा शोषतें. ओलावा शिरला कीं त्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो. लांब उतारावर ब्रेक सारखा दाबून धरला कीं चकती तापते, तेलाची वाफ होते, आणि वाफ दाबली तर दबते. तेल दबत नाहीं म्हणून तर ब्रेक लागतो. असा मोका आला कीं दांडी हातास लागते आणि गाडी मात्र थांबत नाहीं. म्हणून हें तेल दोन वर्षांनीं बदलावेंच, गाडी चालो अथवा न चालो. आणि घाट उतरतांना ज्या गिअरांत चढलों त्याच गिअरांत उतरावें, म्हणजे इंजिनच निम्मा ब्रेक होतें.

साहेबांनीं कागदावर चार ओळी लिहिल्या : कोनसेट, आरे, टायर, ब्रेकचें तेल. खालीं लिहिलें, “अयोग्य.” पुतण्याचा चेहरा उतरला. त्यानें पैसे राखून ठेवले होते ते आणखी दोन दिवे, बसण्याची नवी गादी आणि एक तंबू ह्यांसाठीं. दोन्ही गोष्टींना पैसे पुरत नव्हते. दोन दिवस तो कोणाशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानें लोखंडी पेट्या काढून विकल्या आणि नवे टायर आणले. आमच्या मतें प्रवासाला प्रारंभ झाला तो त्या दिवशीं.

पुढची कामें त्यानें आमच्या अंगणांत, पुष्कळशीं स्वतःच्या हातांनीं केलीं. जेथें अडलें तेथें मिस्त्रीस बोलावलें. साखळी व तिचीं दोन्ही दांतेरी चाकें एकदम बदललीं. जुन्या चाकांचे दांते एका अंगास झुकून वाघनखांसारखे झाले होते, आणि अशा दांत्यांवर नवी साखळी घातली तर तीही लवकर मरते. इंजिनाचें तेल काढून पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहिलें; त्यांत लोखंडाचे कण नव्हते, म्हणजे आंतली प्रकृति चांगली. हवेच्या गाळणींत मात्र काळ्या मातीची धूळ अशी बसली होती, कीं गाडी आजवर श्वास कसा घेत होती ह्याचें नवल वाटावें. क्लचची वायर नवी घातली आणि तिच्याच शेजारीं दुसरी नवी वायर तिला बांधून ठेवली. वाटेंत पहिली तुटली तर केवळ दोन टोकें बदलावयाचीं; टांकी उतरवावी लागत नाहीं. ही युक्ति जुन्या प्रवाशांची आहे, आणि ती आम्हांस फार आवडली.

जादा दिव्यांच्या तारा कोण्या दुकानांत घाईनें जोडलेल्या होत्या. मध्यें फ्यूज नव्हता, आणि एके ठिकाणीं वरचें आवरण तापून मऊ झालें होतें. परीक्षकसाहेब म्हणाले, “दिवा विझला तर माणूस थांबतो, तार पेटली तर गाडीच जाते.” त्या तारा काढून टाकल्या. मूळचा एक दिवा नीट वाकवून सडकेवर पडेलसा केला. रात्रीं चालवावयाचेंच नाहीं तर जादा दिवे कशाला, असें वहिनींनीं मध्येंच विचारलें, आणि तो प्रश्न तेथेंच मिटला.

आमच्या मनांत एक शंका होती. भुसावळ समुद्रसपाटीपासून दोनशें मीटरांवर आहे. माणा तीन हजार दोनशें मीटरांवर. तेथें हवेचा दाब येथल्या सुमारें सत्तर टक्के. जेवढी हवा कमी, तेवढें पेट्रोल जळणें कमी. म्हणजे इंजिनाची जवळजवळ तिसऱ्या हिश्शाची शक्ति वाटेंतच गळून पडणार. २०१७ पूर्वींच्या हिमालयनींत कार्बोरेटर होता. तो उंचीवर हवेच्या मानानें पेट्रोल जास्त देतो आणि इंजिन गुदमरतें. ह्या गाडींत पेट्रोल मोजून फवारणारी योजना आहे, ती हवेप्रमाणें आपण होऊन हात आंखडते. शक्ति तरीही घटतेच. तेव्हां चढावर वाहून न्यावयाचें ओझें येथेंच कमी करणें हा एकच उपाय उरला.

ओझ्याची कथा प्रत्येक कुटुंबास परिचित असेल. गाडीचें स्वतःचें वजन १९९ किलो. सामानाचा पहिला ढीग केळीच्या वखारींतल्या कांट्यावर घातला तेव्हां ४३ किलो भरला. त्यांत पुतण्याचीं हत्यारें होतीं, तंबू होता, तशाच मातोश्रींच्या गूळपापडीच्या वड्या, मेतकूट, भाजणी आणि गंगाजल आणण्यासाठीं तांब्याचा गडू. एक-एक वस्तु पुढें ठेवून वहिनी विचारीत : ही नसेल तर काय होईल? “गैरसोय होईल” असें उत्तर आलें कीं वस्तु बाजूस. “अडून बसावें लागेल” असें आलें कीं आंत. तंबू गेला, कारण वाटेंत गांवोगांव धर्मशाळा व मठ आहेत. हत्यारांपैकीं जीं ह्या गाडीच्या नटांस लागतात तेवढींच राहिलीं. पुढच्या चाकाची २१ इंची नळी मात्र घेतली. ती लहान गांवीं मिळत नाहीं, आणि अडचणीच्या वेळीं तीच मागच्या चाकांतही कशीबशी घालून पुढच्या गांवापर्यंत जातां येतें. वड्या राहिल्या. त्यांस कोणी हात लावला नाहीं. शेवटचें वजन २१ किलो झालें. जड वस्तु खालीं व पुढें, हलक्या वर व मागें, अशी मांडणी केली. ओझें मागच्या चाकापलीकडे गेलें कीं पुढचें चाक हलकें होऊन हँडल हातांत राहत नाहीं.

भाद्रपदांत, अनंतचतुर्दशीनंतर, पुऱ्या ओझ्यासह दोन दिवसांची परीक्षा झाली. तापी ओलांडून सावद्याच्या केळींच्या बागांतून सातपुड्यांतल्या पालच्या घाटानें वर. परत उतरून रावेरवरून बऱ्हाणपूर. आणि बऱ्हाणपुरापलीकडे असीरगड, जो १६०१ सालीं अकबरानें घेतला आणि ज्याला दक्षिणेचें दार म्हणत. डांबर, खडी, चिखल आणि ओढ्याचें पाणी, चारही प्रकार ह्या वाटेंत आले. पुढें पांच हजार किलोमीटरांत जें मोडावयाचें, त्यांतलें पुष्कळसें पहिल्या दोनशेंतच मोडतें. म्हणून तें घराजवळ मोडावें. मागच्या कॅरिअरचा एक बोल्ट ढिला होऊन पडला. उजवीकडची पिशवी सायलेन्सरला लागून करपली. नवी साखळी सैल पडली. आणि पुतण्याची डावी मांडी भरून आली, कारण हँडल त्याच्या उंचीस जुळलेलें नव्हतें. चारही गोष्टी घरीं येऊन दुरुस्त झाल्या.

खंडेनवमीच्या दिवशीं पाने, पक्कड, पंप आणि हवा मोजण्याचें घड्याळ पाटावर मांडून पूजा झाली. परीक्षकसाहेब तिसऱ्यांदा आले. हँडल फिरविलें, आरे वाजविले, ब्रेक दाबून पाहिला. मग पुतण्यास अंगणाच्या बाहेर रस्त्यावर गाडी चालवावयास लाविली आणि मध्येंच हात वर केला. गाडी जागच्या जागीं, सरळ, न घसरतां उभी राहिली. त्यांनीं कागद मागितला आणि लिहिलें, “योग्य.” वहिनी म्हणाल्या, “हें गाडीचें झालें. आतां बसणाऱ्याचें.” त्यांनीं तीन अटी घातल्या : सूर्यास्तानंतर चाक फिरवावयाचें नाहीं, आय. एस. आय. खुणेचें शिरस्त्राण घातल्यावांचून पेट्रोलपंपापर्यंतही जावयाचें नाहीं. आणि रोज दिवेलागणीला “थांबलों” एवढा एक शब्द कळवावयाचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांनीं ओवाळलें.

कालिदासाचा यक्ष मेघाला वाट सांगतो ती केवळ दिशांची नव्हे. थकल्यावर कोणत्या शिखरावर टेकावें, कोणत्या नदीचें पाणी प्यावें, आणि वळसा पडला तरी कोणतें नगर चुकवूं नये, हें सारें त्यांत आहे. दूरच्या प्रवासाचें याहून चांगलें टिपण आम्हांस ठाऊक नाहीं. पुतण्यानेंही त्याच धर्तीवर आंखणी केली होती : दिवसास तीनशें किलोमीटरांच्या आंत चाल, एका टांकींत चारशेंच्या आसपास जातें, तरी तीनशेंच्या आधींच पेट्रोल, सातव्या दिवशीं विसांवा. रोज सायंकाळीं घरांत सारीं माणसें आपापलें काम करीत असत. पण कोणी तरी एकजण भ्रमणध्वनीपाशीं घुटमळत असे. “रामटेक, थांबलों.” “विदिशा, थांबलों.” उज्जयिनीहून दोन दिवस तोच शब्द आला, तेव्हां मातोश्री हंसून म्हणाल्या, मेघालाही तेथून निघवलें नव्हतें.

मंदसौर व कुरुक्षेत्र ह्यांच्या दरम्यान एक पंक्चर झालें, तें एका सायकलवाल्यानें काढलें. कनखलाच्या पुढें एक फ्यूज गेला. बांधून नेलेली क्लचची वायर जशी गेली तशी परत आली. जोशीमठास, म्हणजे आतांच्या ज्योतिर्मठास, तो सोळाव्या दिवशीं पोंचला. तेथें पाऊस व हिम ह्यांनीं गांठलें; पुढच्या रस्त्यावर दरड आली. माणा तेथून पन्नास किलोमीटरांच्या आंत. तो दोन दिवस थांबला. तिसऱ्या दिवशीं दुपारीं वाट सुटली. पण रजा संपत आली होती, आणि माण्यास जाऊन वेळेवर परतावयाचें तर दोन-तीन रात्री गाडी चालवावी लागली असती. सोबतीस जमलेले बरेच स्वार निघाले. त्यानें गाडी वळविली. त्या सायंकाळीं घरीं शब्द आला : “चमोली, परत फिरलों, थांबलों.”

त्याचें मन किती दुखलें असेल हें आम्ही जाणतों. अलका दिसण्याच्या बेतांत असतां मागें फिरणें सोपें नाहीं. घरीं आल्यावर आम्हांस तो म्हणाला, “काका, टायर आणि ब्रेक ह्यांच्यावर एवढे दिवस घालविले नसते, तर मी कदाचित् पुढें गेलों असतों. थांबण्याचा एवढा अभ्यास झाल्यावर तें जमेना.” वहिनींनीं माण्याविषयीं चकार शब्द काढला नाहीं. पुढल्या वर्षीं रजा अधिक घे, एवढेंच म्हणाल्या. त्याला आम्ही पूर्ण संमति समजतों.

ह्या सर्वांतून आमच्या वाचकांनीं घ्यावयाचें तें थोडक्यांत असें. जुन्या गाडीवर खर्च करण्याचा क्रम ठरलेला असावा : प्रथम जें थांबवितें आणि वळवितें तें, म्हणजे ब्रेक, टायर, कोनसेट व आरे, मग जें चालवितें तें, म्हणजे साखळी, तेल, गाळणी व वायरी, मग बसणाऱ्याच्या अंगाची सोय, आणि सर्वांच्या शेवटीं शोभा. दुकानांत हाच क्रम उलटा मांडलेला असतो, कारण शोभा डोळ्यांना दिसते आणि ब्रेकांतलें तेल दिसत नाहीं. गाडीची परीक्षा गाडी आवडणाऱ्यानें करूं नये. जो तिच्यावर भाळलेला नाहीं अशा जाणत्यानें करावी. आणि घरांतल्या ज्या माणसाला सर्वांत अधिक भय वाटतें, त्याचे प्रश्न सर्वांत आधीं लिहून घ्यावे. आमच्या घरीं त्या प्रश्नांतला एकही व्यर्थ गेला नाहीं. प्रत्येकाचें अंगणांत कांहीं ना कांहीं काम झालें.

ज्या घरांतला तरुण अशा वाटेला निघूं म्हणत असेल, त्या घरानें एकदम होकारही देऊं नये आणि नकारही देऊं नये. गाडी अंगणांत उभी करवावी, पुढचें चाक उचलावें आणि हँडल एका बोटानें फिरवून पाहावें. पुढचें सारें तेथून आपोआप उलगडत जातें.